जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल भंगारात देण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एमआयडीसीतल्या वडिलांच्या जुन्या शेडमागे १९७४ सालचा ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर उभा आहे. तो दोन वर्षं बंद आहे आणि बुडाच्या व्हॉल्व्हमधून तेल झिरपतंय. भंगारवाला टाकी, तांबं आणि तेल असा सगळ्याचा मिळून दर द्यायला तयार आहे. वॉचमन हेच तेल गुडघेदुखीवर चोळतो आणि त्याच्या कोंबड्या तिथेच चरतात. जवळच्या विहिरीच्या पाण्याचीही तुम्हाला धास्ती वाटते. कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की जुन्या तेलात पीसीबी नावाचं रसायन असतं आणि त्याने कॅन्सर होतो. तेव्हा तेल विकावं का, आणि आजवर जे झालं त्याने कुणाला काही होईल का, हे तुम्हाला हवंय.

पहिल्याचं उत्तर स्पष्ट आहे: तपासणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत एक थेंबही विकू नका, गाळू नका, जाळू नका. दुसऱ्याचं उत्तर तेलात किती पीसीबी आहे यावर अवलंबून आहे, आणि तो आकडा नुसतं बघून कुणीही सांगू शकत नाही. तुमच्या तेलात काहीच नसण्याची शक्यताही चांगली आहे. पण टाकीतलं पाचशे लिटर तेल बाहेर पडून इकडेतिकडे गेलं की ते परत गोळा करता येत नाही. टाकीत आहे तोवर प्रश्न एका जागी आहे आणि सर्वांत स्वस्तात सुटण्यासारखा आहे. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी लिहितोय.

पीसीबी म्हणजे पॉलीक्लोरिनेटेड बायफेनिल. बायफेनिल या रेणूला कमीजास्त क्लोरीन जोडून २०९ प्रकार होतात, आणि बाजारात विकलं जायचं ते त्यांचं मिश्रण. अमेरिकेत १९२९ पासून याचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. जळत नाही, वीज वाहू देत नाही, उष्णतेने खराब होत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरसाठी ते आदर्श मानलं गेलं. विशेषतः जिथे आग परवडत नाही तिथे, म्हणजे इमारतींच्या तळघरात, वीजकेंद्रात, पोलाद कारखान्यात. अमेरिकेने १९७९ मध्ये उत्पादनावर बंदी घातली. भारतात पीसीबी कधी बनलं नाही. ते आयात केलेल्या यंत्रांतून आणि आयात केलेल्या तेलातून आलं. आपल्याकडे २०१६ मध्ये केंद्र सरकारने पीसीबीबाबत स्वतंत्र आदेश काढला. त्यात उत्पादन आणि आयात बंद झाली आणि वापर पूर्ण थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत ठरली. म्हणजे तुमच्या टाकीत पीसीबी निघालंच, तर 'चालू करून अजून दोन वर्षं वापरू' हा पर्याय आता उरलेला नाही.

आधी नेमप्लेट नीट पुसून वाचा. अस्करेल, पायरॅलीन, क्लोफेन, अरोक्लोर, इनर्टीन, पायरॅनॉल, सोव्हटॉल, डेलॉर यातलं एखादं नाव दिसलं तर ते मुख्यतः पीसीबीचंच द्रव आहे असं समजून वागा. नाव नसेल तर कूलिंगचा प्रकार बघा. साध्या खनिज तेलाच्या ट्रान्सफॉर्मरवर ओएनएएन किंवा नुसतं ओएन लिहिलेलं असतं. त्या काळच्या नेमप्लेटवर पहिलं अक्षर ओऐवजी एल असेल, म्हणजे एलएनएएन, तर आत न जळणारं कृत्रिम द्रव भरलेलं होतं. १९७४ सालच्या यंत्राच्या बाबतीत ते बहुधा पीसीबीच.

नेमप्लेटवर ओएनएएन दिसलं म्हणून मात्र सुटलो असं होत नाही. आपल्याकडे पीसीबीचा खरा घोळ अस्करेलच्या मोजक्या टाक्यांपुरता नाही. साध्या तेलात मागच्या दाराने शिरलेलं पीसीबी हा त्याहून पसरलेला प्रकार आहे. तेल गाळायची फिल्टर मशीन कंत्राटदार एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात नेतो. आधीच्या ठिकाणी अस्करेल असेल तर मशीनच्या पंपात, होजमध्ये, फिल्टर पेपरात ते थोडं उरतं आणि पुढच्या टाकीत जातं. हिशेब करून बघा. होजमध्ये फक्त एक लिटर अस्करेल राहिलं. लिटरला वजन साधारण दीड किलो, त्यात साठ टक्के पीसीबी, म्हणजे ०.९ किलो. पुढचा ट्रान्सफॉर्मर दहा हजार लिटरचा, म्हणजे सुमारे ८,८०० किलो तेल. त्यात हे मिसळलं की शंभर पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) वर आकडा जातो. मर्यादा पन्नास पीपीएम आहे. तुमच्यासारख्या पाचशे लिटरच्या टाकीला तर पेलाभर पुरेल. त्यामुळे या ट्रान्सफॉर्मरचं तेल कधी गाळलं होतं का, टॉपअप कुठल्या तेलाने केलं, हे वडिलांना किंवा जुन्या इलेक्ट्रिशियनला विचारा. 'दर दोन वर्षांनी गाळून घ्यायचो' असं उत्तर आलं तर तपासणी टाळूच नका.

आता नमुना. त्याआधी एक खात्री करा: ट्रान्सफॉर्मर तुमच्या मालकीचा आहे की महावितरणचा? उच्चदाब ग्राहकाचा ट्रान्सफॉर्मर सहसा स्वतःचा असतो, पण डीपीवरचा असेल तर हात लावू नका, लेखी कळवा. स्वतःचा असेल तर परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून दोन्ही बाजूंनी जोडणी तोडून, अर्थिंग करून घ्या. 'दोन वर्षं बंद आहे' हे वाक्य वीज नसल्याचा पुरावा नाही. पलीकडच्या शेडमधून जनरेटरचा उलटा पुरवठा आल्याने माणसं गेली आहेत.

नमुना तळाच्या ड्रेन व्हॉल्व्हमधून घ्यायचा, कारण पीसीबी जड असतं आणि उभ्या राहिलेल्या टाकीत त्याचं प्रमाण खाली जास्त सापडू शकतं. व्हॉल्व्हचं तोंड स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा. पहिलं लिटर-दोन लिटर तेल वेगळ्या डब्यात सोडा. त्यात गाळ आणि गंज येतो. मग तपकिरी काचेच्या स्वच्छ बाटलीत शंभर मिलिलिटर घ्या. बाटलीच्या झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर असावं. पाण्याची प्लास्टिकची बाटली चालणार नाही, आणि आधी फिनेल, ब्लीचिंग किंवा कुठलंही सॉल्व्हंट भरलेली तर मुळीच नाही. होज वापरायचाच तर नवा वापरा. बाटलीवर तारीख, नेमप्लेटवरचा अनुक्रमांक आणि व्हॉल्व्हची जागा लिहा. डब्यात सोडलेलं तेल परत टाकीत ओतू नका, झाकण लावून ठेवा. फडकंसुद्धा त्याच डब्यापाशी पिशवीत ठेवा.

लगेच हातासरशी करायची एक चाचणी आहे. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात तेलाचे चार-पाच थेंब टाका. खनिज तेलाची घनता ०.८९ च्या आत असते, ते तरंगतं. अस्करेलची घनता साधारण दीडच्या आसपास, ते मोत्यासारखं तळाशी जाऊन बसतं. तेल बुडालं तर पुढचं काहीही स्वतः करू नका. पण तरंगलं म्हणून निर्धास्त होऊ नका: हजार पीपीएम पीसीबी असलेलं तेलही तरंगतंच. वासावर किंवा रंगावर तर अजिबात जाऊ नका. तांब्याची तार तेलात बुडवून ज्योतीवर धरायची आणि हिरवी ज्योत बघायची, ही जुनी युक्ती कुणी सुचवेल. ती करू नका. त्या ज्योतीतून नेमके तेच पदार्थ तयार होतात ज्यांच्यापासून लांब राहायचंय.

पुढची पायरी क्लोरीन चाचणीचा किट. त्यात सोडियमचा अभिकर्मक पीसीबीमधला क्लोरीन तोडून बाहेर काढतो आणि मग रंगावरून कळतं की क्लोरीन पन्नास पीपीएम पीसीबीइतका आहे की नाही. जांभळा रंग राहिला तर आकडा पन्नासच्या आत. पिवळा झाला किंवा रंग उडाला तर वर असू शकतो. हा किट कोणताही क्लोरीन मोजतो. टाकी कधी ट्रायक्लोरोइथिलीनने धुतली असेल, किंवा घामाच्या हातांचं मीठ लागलं असेल, तरी तो पिवळा होईल. म्हणजे तो चुकला तर सुरक्षित बाजूला चुकतो. पण तुम्हाला विक्रीचा निर्णय घ्यायचाय, त्यासाठी किट पुरत नाही. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर लावून आकडा काढावा लागतो. त्यासाठीचं मानक आयईसी ६१६१९. बेंगळुरूच्या सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे सीपीआरआयमध्ये, ही तपासणी होते. खासगी प्रयोगशाळेकडे देणार असाल तर तिच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या यादीत तेलातल्या पीसीबीची तपासणी आहे का ते विचारा, आणि त्यांची सर्वांत खालची मोजता येणारी मर्यादा किती हे रिपोर्टवर मागा. ती दोन पीपीएम असली पाहिजे. 'पन्नासपेक्षा कमी' एवढंच लिहिलेला रिपोर्ट तुमच्या कामाचा नाही.

का, ते सांगतो. इथेच बहुतेकांची गल्लत होते. पन्नास पीपीएम, म्हणजे ०.००५ टक्के, ही स्टॉकहोम कराराची, म्हणजे पीसीबीसारख्या चिवट विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, मर्यादा आहे. त्याच्या वर असेल ते पीसीबी म्हणून हाताळायचं. पण आपल्या २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पाचव्या परिशिष्टात, वापरलेलं तेल शुद्धीकरणाला द्यायचं तर त्यात पीसीबी दोन पीपीएमच्या आत हवं असं आहे. म्हणजे तुमचा आकडा वीस आला तर ते कराराच्या व्याख्येत बसत नाही, पण तेल शुद्ध करणाऱ्यालाही देता येत नाही. या मधल्या पट्ट्यातलं तेलच गुपचूप भंगारात जातं, कारण मालकाला वाटतं 'पन्नासच्या आत आहे, झालं'.

तर आकड्याप्रमाणे असं करा. दोनच्या आत आला तर तेल हे साधं वापरलेलं तेल. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र असलेल्या शुद्धीकरण कारखान्याला रीतसर द्या, टाकी निथळू द्या आणि भंगारात द्या. दोन ते पन्नासमध्ये आला तर तेल अधिकृत घातक कचरा केंद्राकडे जायला हवं. महाराष्ट्रात अशी सामाईक केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. तिथे फोनवरच्या 'घेतो' या शब्दावर जाऊ नका. तुमचा रिपोर्ट पाठवा आणि एवढ्या पीसीबीचं तेल घ्यायची परवानगी त्यांच्या अधिकारपत्रात आहे का, हे लेखी मागा. पन्नासच्या वर आला तर मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा आणि सीपीआरआयचा सल्ला घ्या. तेलाबरोबर टाकी, आतला कागद, लाकडी आधार, गॅस्केट, गळतीची माती हे सगळं पीसीबीचा कचरा ठरतं. काही हजार पीपीएमपर्यंतच्या तेलातला क्लोरीन सोडियमच्या प्रक्रियेने काढता येतो, मग तेल वाचतं. शुद्ध अस्करेलला मात्र प्लाझ्मा किंवा अकराशे ते बाराशे अंश तापमानाची, धूर किमान दोन सेकंद त्या तापमानात राहील अशी भट्टी लागते.

दोन सल्ले तुम्हाला हमखास मिळतील, दोन्ही वाईट. पहिला, चांगलं तेल मिसळून आकडा खाली आणा. पीसीबी तेवढंच राहतं, फक्त पाचशे लिटर घाण तेलाचं दीड हजार लिटर होतं. दुसरा, तेल काढून टाका आणि नवं भरा. टाकी पूर्ण निथळली असं वाटलं तरी वाइंडिंगचा कागद, लाकूड आणि कोअरच्या पट्ट्यांमध्ये पाच ते दहा टक्के तेल धरलेलं असतं. जुनं तेल हजार पीपीएमचं असेल तर नव्या तेलात ते हळूहळू उतरून पन्नास ते शंभर पीपीएम दिसू शकतं. म्हणून तेल बदललेला ट्रान्सफॉर्मर किमान नव्वद दिवस चालवून पुन्हा तपासतात. बदलल्याच्या दुसऱ्या दिवशीचा 'शून्य' रिपोर्ट दाखवून कुणी तुम्हाला यंत्र विकत असेल तर घेऊ नका. हाच मुद्दा तुमच्या टाकीलाही लागू आहे: तेल उपसलं म्हणून रिकामी टाकी स्वच्छ होत नाही.

आता भंगारवाल्याकडे नेमकं काय होतं ते बघा. तेल पिंपात जातं आणि तिथून फर्नेस ऑइल, शटरिंग ऑइल किंवा वीटभट्टीच्या इंधनात मिसळलं जातं. टाकी गॅस कटरने कापली जाते. आतलं तांबं कागद जाळून मोकळं केलं जातं. पीसीबी असलेलं तेल अशा अर्धवट आगीत, काही शे अंशांवर सापडलं की त्यातून फ्युरान तयार होतात, जे मूळ पीसीबीपेक्षा कितीतरी पटींनी विषारी असतात. न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन इथे ५ फेब्रुवारी १९८१ ला एका सरकारी इमारतीच्या तळघरात आग लागली आणि पीसीबीचा ट्रान्सफॉर्मर तापून फुटला. आग लवकर विझली. पण काजळी हवेच्या वाटांनी अठरा मजले पसरली, आणि ती इमारत पुन्हा उघडायला १९९४ उजाडलं. इतकी वर्षं एका ट्रान्सफॉर्मरच्या काजळीपायी गेली. भंगाराच्या वखारीत कटर चालवणाऱ्या मुलाच्या नाकाला फडकंसुद्धा नसतं.

आणि तेल अन्नात शिरू शकतं. बेल्जियममध्ये १९९९ मध्ये सुमारे पन्नास किलो पीसीबी असलेलं तेल पुनर्वापराच्या चरबीत मिसळलं गेलं. त्या चरबीचं सुमारे पाचशे टन पशुखाद्य झालं आणि अडीच हजारांच्या आसपास फार्मवर पोचलं. कोंबड्या आजारी पडल्या, अंडी उबेनात, म्हणून तपास लागला. पन्नास किलो म्हणजे अस्करेलचं अर्धं पिंपसुद्धा नाही.

तब्येतीचा प्रश्न. वॉचमनने तेल लावणं आजच बंद करावं, रिपोर्टची वाट न बघता. पीसीबी चरबीत विरघळतं, त्यामुळे कातडीतून सहज आत जातं, आणि चोळून लावणं हा तर ते आत पाठवायचा उत्तम मार्ग. पीसीबी नसलं तरी जुन्या तेलात कातडीला अपाय करणारी इतर संयुगं असतात. गुडघा साबण-पाण्याने धुवायला सांगा. तेल लागलेले कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवू नयेत; फार माखलेले असतील तर पिशवीत बांधून तेलाच्या डब्यापाशी ठेवा. त्याच्या गुडघ्यांसाठी त्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेऊन खरं औषध मिळवून द्या. नुसतं 'लावू नको' म्हणाल तर दुखणं राहतं आणि तो पुन्हा त्या व्हॉल्व्हशी जातो.

पीसीबीचा मोठा डोस माणसाला काय करतो हे जगाला जपानमधून कळलं. १९६८ मध्ये पश्चिम जपानात तांदळाच्या कोंड्याचं खाद्यतेल बनवताना, तापवायच्या नळीतलं पीसीबी बारीक भोकांतून तेलात गेलं. आधी, त्या वर्षाच्या सुरुवातीला, त्याच कारखान्याच्या उप-उत्पादनाचं खाद्य खाऊन सुमारे चार लाख कोंबड्या मेल्या. माणसांचं तेल तेव्हा कुणी तपासलं नाही. मग लोकांच्या चेहऱ्यावर, पाठीवर काळ्या तोंडाच्या पुटकुळ्या आल्या, पापण्यांतून चिकट स्राव येऊ लागला, नखं काळवंडली, हातपाय बधिर झाले. आजारी आयांची काही बाळं काळपट कातडीची जन्मली. दोन हजारांहून अधिक लोकांची अधिकृत रुग्ण म्हणून नोंद झाली. तापून-तापून त्या पीसीबीत फ्युरान तयार झाले होते, आणि बरीचशी हानी त्यांची होती. १९७९ मध्ये तैवानात हाच अपघात पुन्हा झाला.

तुमचं प्रकरण त्या पातळीचं नाही. ती माणसं महिनोन् महिने ते तेल खात होती. टाकीजवळून गेल्याने, हाताला एकदा तेल लागल्याने आजार होत नाही. काळजी असते ती थोड्या-थोड्या, वर्षानुवर्षांच्या साठ्याची. जास्त क्लोरीनची पीसीबी शरीरात निम्मी व्हायला साधारण दहा ते पंधरा वर्षं लागतात. तेवढ्या काळात रोज थोडं आत येत राहिलं तर पातळी चढतच जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये पीसीबी माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं; सर्वांत ठोस पुरावा मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरचा. यकृत, थायरॉइड आणि प्रतिकारशक्तीवरही परिणाम होतो. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ ही मला सर्वांत नाजूक बाजू वाटते, म्हणून त्या आवारात गरोदर बाई किंवा लहान मुलं वावरत असतील तर त्यांना आजपासूनच दूर ठेवा. स्तनपान करणाऱ्या आईने मात्र घाबरून दूध तोडू नये. पीसीबी दुधातून उतरतं हे खरं, तरीही दुधाचा फायदा मोठा आहे आणि वैद्यकीय सल्ला पाजत राहण्याचाच असतो.

रक्त तपासावं का? पीसीबीला उतारा नाही, म्हणून आकडा कळून औषध बदलत नाही. वॉचमनच्या अंगावर न जाणाऱ्या काळ्या पुटकुळ्या असतील, विशेषतः डोळ्यांच्या कडेला आणि कानामागे, तर त्वचारोगतज्ज्ञाला तेलाचा रिपोर्ट दाखवून तपासून घ्या आणि यकृताच्या चाचण्या करा. तसं काही नसेल तर संपर्क थांबवणं हाच उपाय. 'शरीरातलं विष काढतो' म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि उपासाचे कार्यक्रम यांवर पैसे घालवू नका. झपाट्याने वजन उतरवलं तर चरबीत साठलेलं पीसीबी उलट रक्तात येतं.

तुम्ही विहिरीची जास्त धास्ती घेतली आहे. मला कोंबड्यांची जास्त वाटते. पीसीबी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीला चिकटून वरच्या थरात बसतं. कोंबडी दिवसभर तीच माती टोचते, आणि ते सगळं अंड्याच्या बलकात उतरतं. अंडं उकडून ते जात नाही. कोंबड्या आज दुसरीकडे हलवा आणि त्यांची अंडी रिपोर्ट येईपर्यंत खाऊ नका. डागाच्या मधोमध, एक मीटरवर आणि तीन मीटरवर, वरच्या पाच सेंटिमीटर मातीचे वेगवेगळे नमुने काचेच्या बरणीत घ्या. तेलाचा रिपोर्ट दोनच्या आत आला तर ते पीसीबीसाठी तपासायची गरज नाही. वर आला तर लगेच पाठवा. विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसत असेल तर मात्र पाणी पिणं थांबवा, कारण तेलाबरोबर पीसीबीही जातं. अशा वेळी पाणी उकळणं निरुपयोगी आहे.

रिपोर्ट यायला वेळ लागेल, तोवर गळती. व्हॉल्व्हची चाकी जोर लावून आवळू नका. पन्नास वर्षांचं पॅकिंग आणि कॉर्कची गॅस्केट तडकते आणि थेंबाची धार होते. व्हॉल्व्हच्या तोंडाला फ्लँज असेल तर नवी गॅस्केट घालून ब्लँक प्लेट, म्हणजे भोक नसलेली चकती, बसवा. नसेल तर जागा कोरडी पुसून इपॉक्सी पुट्टी लावा. खाली पत्र्याचा ट्रे ठेवा. ट्रान्सफॉर्मर उचलायचा प्रयत्न करू नका, तो दोन टनांच्या आसपास भरेल आणि जुने लिफ्टिंग लग, म्हणजे उचलायचे कान, भरवशाचे नसतात. त्याऐवजी भोवती विटांचा सिमेंट लावलेला बांध घाला. आतली मोकळी जागा दोन मीटर बाय दोन मीटर आणि उंची पंधरा सेंटिमीटर असेल तर सहाशे लिटर मावतात. पाचशे लिटरच्या टाकीला दहा टक्के जास्त म्हणजे साडेपाचशे हवेत. ट्रान्सफॉर्मरच्या पायांनी अडवलेली जागा धरून उंची वीस सेंटिमीटर घ्या. आणि वर पत्रा किंवा ताडपत्री टाकाच. पावसाळ्यात बांध पाण्याने भरला की तेल वर तरंगतं आणि सगळ्यात आधी तेच बाहेर वाहतं. अस्करेल असेल तर ते तळाशी बसतं आणि कुणाला दिसतसुद्धा नाही.

सांडलेलं तेल पाण्याने धुवू नका. कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाका, शोषू द्या, झाडून पत्र्याच्या पिंपात भरा, झाकण लावा. काँक्रीटचा डाग केरोसीनच्या फडक्याने पुसता येतो, फडकं त्याच पिंपात. हातमोजे नायट्राइलचे, एकावर एक दोन, आणि तेल लागले की बदला. सुती मोजे तेल धरून ठेवतात आणि साध्या रबरातून पीसीबी आरपार जातं. काम करताना विडी नको आणि तंबाखू मळणं तर नकोच. तेलाचा हात थेट तोंडात जायचा तो सर्वांत छोटा रस्ता आहे.

पिंपं काठोकाठ भरू नका, वर चार बोटं जागा ठेवा. प्रत्येकावर घातक कचरा नियमांतल्या फॉर्म ८ चं लेबल, नोंद फॉर्म ३ मध्ये, आणि माल नेताना फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबतचा वाहतुकीचा कागद. आवारात असा कचरा नव्वद दिवसांपर्यंत ठेवता येतो. जास्त लागणार असतील तर मंडळाकडे आधीच मुदत मागा. मॅनिफेस्टची पोच आणि नष्ट केल्याचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय फाइल बंद करू नका. उद्या तेच तेल दुसऱ्याच्या शेतात ओतलेलं सापडलं तर तुमच्या बाजूने तेवढेच कागद बोलतील.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण शेड त्या काळची आहे म्हणून लिहितो. पॅनेलमध्ये पॉवर फॅक्टरसाठी लावलेले जुने कपॅसिटर असतील तर ते बघा. १९८० च्या आधीचे असतील आणि लेबलवर पीसीबी नसल्याचं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर आत पीसीबी आहे असं धरा. ट्रान्सफॉर्मरमध्ये ते तेलात मिसळलेलं असू शकतं, कपॅसिटरमध्ये ते जवळजवळ शुद्ध असतं. ते सीलबंद असतात, न फोडता नमुना घेता येत नाही, आणि फोडायचे नाहीत. कंत्राटदाराकडून टर्मिनल शॉर्ट करून चार्ज उतरवून घ्या. बंद पॅनेलमधला कपॅसिटरही झटका देतो. मग तळाशी भुसा घातलेल्या पिंपात, बुशिंग (टर्मिनलभोवतीचे चिनी मातीचे भाग) वर करून उभे ठेवा. पोट फुगलेला किंवा ओला दिसणारा असेल तो आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर, दोन्हींच्या नेमप्लेटचे फोटो आणि तेल कधी गाळलं होतं याची माहिती इथे टाका. रिपोर्टचा आकडा आला की तोही लिहा. दोनच्या खाली, मध्ये की पन्नासच्या वर, त्यावर पुढचं नेमकं सांगता येईल.